व्यवहारातील इंग्रजी आणि आपली क्रियापदे



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इंग्रजीचे शिक्षक. मी आयुष्यभर मराठी शिकविले. इंग्रजीविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न मी संयोजकांना विचारला. त्यांनी उत्तर दिले की, सरांनी तुम्हाला जे शिकविले तेवढेच सांगा. हे उत्तर ऐकल्यावर मला नाही म्हणता येईना. सरांचे नाव व्याख्यानमालेला आहेच; परंतु आम्ही त्यांना नावाने कधी संबोधले नाही. 'सर' एवढाच शब्द आम्हाला पुरत असे. आजही मी तोच वापरणार आहे.

विषय म्हटला तर अगदी साधा आहे. रोजच्या व्यवहारातले इंग्रजी शब्द, आणि त्या भाषेतली ती छोटी छोटी जोडक्रियापदे, म्हणजे 'गेट अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' या जातीची, आपल्या मुलांनी शिकायची कशी? विद्वत्सभेत हा विषय कोणी घेणार नाही. पण माझ्या आयुष्यात या विषयाला एका तारेने प्रवेश केला आणि तेव्हापासून तो माझ्यासाठी साधा राहिलेला नाही. म्हणून आधी ती हकीकत सांगतो. सरांखेरीज ती मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

माझे बालपण बेल्लमपल्लीस गेले. ते गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर ते मंचेरियल जिल्ह्यात गेले. तेलुगूत 'बेल्लम' म्हणजे गूळ आणि 'पल्ली' म्हणजे गाव. नाव गुळाचे आणि वस्ती कोळशाची, असा तो विनोद होता. १९२० च्या दशकात त्या परिसरात कोळशाच्या खाणी सुरू झाल्या, काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग झाला, आणि रानातल्या खेड्याचे एक बहुभाषिक नगर झाले. आमच्या ओळीत तेलुगू बोलणारे होते, दखनी उर्दू बोलणारे होते, उत्तरेकडून आलेले हिंदी भाषक होते. आठवड्याच्या बाजाराला गोंडी आणि कोलामी कानावर पडत असे. आम्ही मराठी. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात एकत्र होता. ती रेषा आखली गेली तेव्हा किनवट आणि राजुरा अलीकडे आले, बेल्लमपल्ली पलीकडे राहिली. नातेवाईक मात्र दोन्हीकडे राहिले. रेषा आखणाऱ्यांना नातेवाईक नसतात, असे माझे वडील म्हणत.

वडील खाणीवर हजेरी कारकून होते. त्यांना मोडी येत होती, उर्दू उत्तम येत होते, देवनागरी तर येतच होती. इंग्रजी मात्र मस्टरापुरते. नावे, आकडे, शिफ्ट, ॲबसेंट, ओव्हरटाइम, इतकेच. घरात इंग्रजी 'शिकलेला' असा मी एकटा, आणि माझे इंग्रजी दोन वर्षांचे. तेवढ्या भांडवलावर मी आमच्या ओळीचा दुभाषी झालो होतो. औषधाच्या बाटलीवरचा कागद असो की मनिऑर्डरचे कूपन, लोक मला हाक मारत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला या गोष्टीचा किती अभिमान वाटतो, हे मी सांगावयास नको.

१९६१ सालचा जून. पाऊस अजून आला नव्हता. निकालांचे दिवस होते. शेजारच्या मावशींचा धाकटा भाऊ नागपुरात शिकत होता आणि त्या वर्षी बी.ए.च्या परीक्षेला बसला होता. त्याच्या फीसाठी मावशींनी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. सकाळी अकराच्या सुमारास तार आली. मावशींचे यजमान पाळीवर, माझे वडील पाळीवर. मावशी तार घेऊन आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाळ, वाच रे. निकालच असेल."

मी वाचली. भावाचे नाव, आणि पुढे चार शब्द: पास्ड अवे स्टार्ट इमिजिएटली.

'पास' मला येत होता. 'अवे' म्हणजे दूर, हे पाठ होते. म्हणजे नुसता पास झालेला नाही, फार दूरवर, इतरांच्या पुष्कळ पुढे! 'स्टार्ट' हा शब्द तर आमच्या गावात इंजिनापासून भांडणापर्यंत सर्वत्र चाले. आनंदाच्या प्रसंगाला बोलावले आहे, ताबडतोब निघा. माझा अर्थ पूर्ण जुळला. मी मोठ्याने म्हणालो, "मावशी, मामा पास झाला! वरच्या नंबराने!"

मावशींनी घरातला गूळ फोडला. ओळीतल्या प्रत्येक मुलाच्या हातावर त्यांनी खडा ठेवला. माझ्या हातावर दोन ठेवले.

वडील संध्याकाळी पाचला परत आले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. परंतु तारा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. 'स्टार्ट इमिजिएटली' हे शब्द कोणत्या तारेत येतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. ते तार घेऊन धावत तारमास्तरांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांनी मला काहीही म्हटले नाही. ते सरळ मावशींच्या दाराकडे गेले. तोवर उत्तरेकडे जाणारी दुपारची गाडी निघून गेली होती. मावशी रात्रीच्या गाडीने गेल्या आणि पोहोचल्या तेव्हा सारे आटोपले होते. भावाचे अंत्यदर्शन त्यांना माझ्यामुळे मिळाले नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस मी आठवीसाठी मामांकडे राजुऱ्यास आलो आणि या शाळेत दाखल झालो. राजुरा तेव्हा नुकताच, १९५९ मध्ये, नांदेड जिल्ह्यातून चांदा जिल्ह्यात आलेला होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला इंग्रजीचा धडा वाचावयास उभे केले आणि मी वाचेना. दोन दिवस, तीन दिवस. सर रागावले नाहीत. त्यांनी मला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बोलावून घेतले. मी रडत रडत त्यांना ही हकीकत सांगितली.

सरांनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी विचारले, "अवे म्हणजे काय?"

"दूर."

"पास म्हणजे?"

"उत्तीर्ण होणे."

"रस्त्याने गाडी पास झाली, असे तुमच्याकडे म्हणतात ना? तिथे काय अर्थ?"

"निघून जाणे."

"मग निघून दूर गेला, म्हणजे काय झाले?"

मी गप्प राहिलो. सर म्हणाले, "आपण मराठीत तरी काय म्हणतो? अमुक गेले. तमुक आम्हाला सोडून गेले. म्हणजे अर्थ तुझ्या भाषेत होता. तू तो तिथे शोधला नाहीस. तू एकेक शब्द वेगळा काढून त्याला एकेक मराठी शब्द चिकटवलास."

मला वाटते, भाषाशास्त्राचा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा तास त्या व्हरांड्यात झाला. पुढे विद्यापीठात जे शिकलो ते या तासाच्या तळटिपा होत्या.

आता थोडे मागे जाऊन पाहू. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटल्याचे आपण ऐकत आलो आहोत. ते दूध महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविण्याचे श्रेय ज्या पुस्तकांना द्यावे लागेल, त्यांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अग्रभागी आहे. कित्येक पिढ्यांनी कंदिलाच्या उजेडात ती घोकली. तिच्याविषयी टिंगलीने बोलण्याची एक पद्धत आहे. मला ती मान्य नाही. शिक्षक नसलेल्या खेड्यात एखादा मुलगा केवळ पुस्तकाच्या आधारे परकी भाषा वाचू लागतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण भाषांतराच्या पद्धतीचा एक परिणाम अटळ होता. शब्दाला शब्द, वाक्याला वाक्य, अशी सवय मनाला लागली. आणि इंग्रजीतले नेमके जे भाग शब्दाला शब्द लावून सुटत नाहीत, ते आपल्या हातातून निसटले.

ते भाग कोणते? डॉ. जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी नमूद करून ठेवले आहे की, क्रियापदापुढे एखादे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटून टाकण्याची इंग्रजीची खोड परकीयांना सर्वांत जास्त अडविते. या जोडक्रियापदांना इंग्रजीत जे नाव आज रूढ आहे ते मात्र अलीकडचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातून ते पुढे आले. म्हणजे रोग जुना, नाव नवे.

इंग्रजांनाही या अडचणीची जाणीव होती. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' मांडले. साऱ्या जगाने इंग्रजी शिकावे म्हणून त्यांनी अवघ्या ८५० शब्दांची यादी केली. त्यात क्रियापदे म्हणावीत असे शब्द फक्त १८: कम, गो, गेट, गिव्ह, पुट, टेक, मेक, कीप असे. प्रवेश करणे याला 'एंटर' नको, 'गो इन' आहे. विझविणे याला 'पुट आउट' आहे. युक्ती मोठी चतुर. पण आपल्यासारख्याची फसगत इथेच होते. शब्द अठराच शिकावे लागले, पण त्यांच्या जोड्यांचे अर्थ किती? 'पुट' आणि 'अप' दोन्ही पाठ असले म्हणून 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे हे कोणाला उमगणार? शब्दांचे ओझे कमी करून ते अर्थांच्या पाठीवर टाकले, इतकेच झाले.

मायकेल वेस्ट यांची दृष्टी मला अधिक शहाणी वाटते. हे गृहस्थ ढाक्यास शिक्षकांना शिकवीत. बंगालमधली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि तरी एक पुस्तक सुखाने वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि १९२६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले दर शंभरातले सुमारे ऐंशी शब्द या दोन हजारांतले असतात. त्या यादीचे वैशिष्ट्य असे की, तीत शब्दाच्या कोणत्या अर्थाचा वापर किती होतो, हेही दाखविले होते. कारण शब्द 'येतो' हे म्हणणे अपुरे आहे. त्याचा कोणता अर्थ येतो, हे विचारावे लागते. मला 'पास' येत होता. तो कोणता?

सरांच्या टेबलावर हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश असे. जपानमध्ये शिकविताना हॉर्नबींनी सहकाऱ्यांसह तो रचला. १९४२ मध्ये तो तिथे निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापला. सरांनी तो कोठून मिळविला, हे मला कळले नाही. परंतु त्या काळी अशी पुस्तके पोट मारूनच घेतली जात. त्यांची प्रत शिवून शिवून जाड झाली होती. ते आम्हाला म्हणत, कोश अर्थ पाहावयास उघडू नका. वाक्य पाहावयास उघडा.

सरांची पद्धत आता सांगतो. तिला शास्त्रीय नाव नाही. त्यांनी मला एक वही दिली आणि सांगितले, इंग्रजी अव्ययाच्या नावाने पान काढ. क्रियापदाच्या नावाने नको. 'अप'चे पान, 'ऑन'चे पान, 'अवे'चे पान. एका पानावर एकाच अव्ययाची बिऱ्हाडे. मग मराठीत त्याच कामासाठी काय येते ते शेजारी लिही.

आठ-दहा जोड्या लिहिल्यावर मला जे दिसले ते पाहून मी थक्क झालो. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'बर्न अप'. आणि शेजारी: खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक, जाळून टाक. इंग्रज जे काम 'अप' या चिमुकल्या शब्दाकडून करून घेतो, ते मराठी माणूस 'टाकणे' या क्रियापदाकडून करून घेतो. 'अप'मध्ये वर जाणे उरलेले नाही आणि आपल्या 'टाक'मध्ये फेकणे उरलेले नाही. दोन्ही ठिकाणी क्रिया तडीस गेली, एवढाच भाव. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेव. 'रीड ऑन' म्हणजे वाचत राहा. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'थ्रो अवे' म्हणजे फेकून देणे. इंग्रज क्रियापदाच्या शेपटाला दिशा जोडतो. आपण दुसरे क्रियापद जोडतो. आणि आपले पूर्वज तर धातूच्या डोक्यावर उपसर्ग बसवीत. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार! धातू एकच, 'हृ'. पण कोणी जेवतो, कोणी फिरावयास जातो आणि कोणी मारला जातो. हे ज्याने शाळेत शिकले त्याला 'टेक इन', 'टेक ऑफ', 'टेक ओव्हर' यांची भीती का वाटावी?

ही चावी सर्व कुलपांना लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. दोन्हीत 'ऑफ' आहे, पण मराठी आधार एकसारखा सापडत नाही. अशा जोड्यांसाठी सरांचा वेगळा नियम होता. त्यांना प्रसंगाशी बांधा. 'कॉल ऑफ' मला मुळीच शिकवावे लागले नाही. संप मागे घेतला की बेल्लमपल्लीत अक्षरशत्रू कामगारसुद्धा 'स्ट्राइक कॉलऑफ' म्हणत घरी येई आणि त्या दिवशी आमच्या ओळीत चुली लवकर पेटत. तो शब्द आम्ही कोशातून शिकलो नाही, चुलीवरून शिकलो.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, म्हणून थोडी रेंगाळतो. ज्यांना आपण इंग्रजी न येणारे म्हणतो, त्यांच्या तोंडी किती जोडशब्द आहेत ते पाहा. गाडी 'पिकअप' घेत नाही. मशीनचा 'ब्रेकडाऊन' झाला. पाळी संपताना पुढच्या माणसाला चार्ज 'हँडओव्हर' केला. मालकाने 'लॉकआउट' केला. दवाखान्यात 'चेकअप' झाले. 'लेऑफ' म्हणजे कामावरून काढणे नव्हे, काम नसल्याने तात्पुरते बसविणे, हा कायद्यातला भेद खाणीवरच्या माणसाला वकिलाइतका नेमका ठाऊक होता, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न त्यात होता. ओव्हरमन, सरदार, शॉटफायरर, हॉलेज, टब, इन्क्लाइन, टिंबर, बदली फिलर, ही त्यांची रोजची शब्दसंपत्ती. तिच्यात इंग्रजी होते, फारसी होते, तेलुगूची बाराखडी होती, आणि तरी ती कोणालाच परकी वाटत नव्हती.

खाणीत सरदार काठीने छत ठोकून पाहतो. आवाज भरीव आला तर ठीक; पोकळ आला तर वरचा दगड सुटलेला आहे, तो आधी पाडावयाचा किंवा त्याला टेकू द्यावयाचा. जोडक्रियापद समोर आले की मीही आजतागायत तसेच करतो. 'गो आउट' ठोकले तर भरीव वाजते. बाहेर जाणे, संपले. 'दिवा वेंट आउट' ठोकले तर वेगळे वाजते. दिवा उठून बाहेर कसा जाईल? तिथे थांबावे. वाक्याचा अर्थ हास्यास्पद होऊ लागला की समजावे, शब्द सुटलेला आहे. दुर्दैव असे की, माझ्या तारेचा चुकीचा अर्थ हास्यास्पद नव्हता. तो चांगला जुळत होता. जुळणारा चुकीचा अर्थ फार घातक.

आपल्या इंग्रजीत हे घरगुती शब्द कमी का, याचेही कारण पाहण्यासारखे आहे. इंग्रजी आपल्याकडे स्वयंपाकघरातून आले नाही. ते कचेरीतून, न्यायालयातून आणि ग्रंथांतून आले. त्यामुळे आपण 'एक्स्टिंग्विश' आधी शिकलो, 'पुट आउट' नंतर किंवा कधीच नाही. 'पोस्टपोन' शिकलो, 'पुट ऑफ' राहिले; मग 'पोस्टपोन'च्या उलट हवे म्हणून आपण 'प्रीपोन' घडविले, कारण 'ब्रिंग फॉरवर्ड' कोणी सांगितलेच नव्हते. मराठीच्या भाषेत सांगावयाचे तर, आपण इंग्रजीचे तत्सम शब्द घोकले आणि तद्भव वगळले. कल्पना करा, एखादा परदेशी गृहस्थ उत्तम मराठी शिकून आला आणि शेजारणीला म्हणाला, "भगिनी, अग्नी प्रज्वलित करून जल उष्ण करा." व्याकरणात दोष नाही. पण शेजारीण पदर तोंडाला लावील! आपले इंग्रजी कित्येकदा तसे ऐकू येते.

आणि त्या परदेशी गृहस्थाची अडचण आपल्याहून लहान आहे असे समजू नका. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो साठ हजार शब्दांच्या घरात गेला. ते काम करताना त्या माणसाच्या पुढ्यात 'लागणे' हे आपले साधे क्रियापद आले असेल तेव्हा त्याने काय केले असेल? भूक लागते, आग लागते, ठेच लागते, वेड लागते, दृष्ट लागते, नोकरी लागते; दार लागते आणि डोळाही लागतो. एक मूल दुसऱ्याचे कोण लागते, हे निराळेच. डोळा लागतो, डोळे येतात, डोळा ठेवतात, डोळा मारतात. यांतल्या एकाही ठिकाणी नुसत्या डोळ्याचा अर्थ पुरत नाही. मी महाविद्यालयात असताना विद्यार्थी इंग्रजीच्या लहरीपणाची तक्रार घेऊन आले की मी त्यांना 'लागणे'चे पन्नास प्रयोग लिहावयास सांगत असे. बहुतेक जण तिसाव्या प्रयोगाला हसू लागत आणि तक्रार विसरत.

माझी एक विद्यार्थिनी परिचारिका होऊन परदेशी गेली. तिने पत्रात लिहिले होते, "सर, इथे पहिल्या महिन्यात एका बाईंचा दूरध्वनी आला, नवरा 'पास्ड आउट' झाला म्हणून. मी क्षणभर अभिनंदन करणार होते." आपल्याकडे महाविद्यालयातून 'पास आउट' होतात, तिकडे माणूस बेशुद्ध पडतो. ती वेळीच सावरली, रुग्णवाहिका पाठविली, सारे ठीक झाले. तिने हे गमतीने लिहिले होते. मला मात्र ते पत्र पुढे वाचवेना. तिला मी सरांच्या वहीतले 'आउट'चे पान उतरवून पाठविले. पुढच्या पत्रात तिने स्वतःची भर घालून ते परत पाठविले. 'थ्रो अप' म्हणजे उलटी होणे, 'कम राउंड' म्हणजे शुद्धीवर येणे. रुग्ण दुखण्यात ग्रंथांतले इंग्रजी बोलत नाही. व्याकुळ माणूस कोणत्याही देशात घरातलेच शब्द बोलतो.

इथे शिक्षक मित्र बसले आहेत, म्हणून एक स्पष्ट बोलतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. तो निर्णय बरा की वाईट, या वादात मी पडत नाही. माझे मत सौम्य नाही आणि हा तो प्रसंग नाही. पण लहान मुलांची इंग्रजी पुस्तके मी नातवंडांच्या निमित्ताने चाळली आहेत. नामे, नामे आणि नामे. फळे, रंग, प्राणी. ज्या मुलाने कधी झेब्रा पाहिला नाही आणि पाहण्याची शक्यता नाही, तो झेब्रा म्हणतो. पण 'उठ', 'आवर', 'मागे सर', 'बूट काढ', 'दिवा घालव', 'लिहून घे' हे तो दिवसभर ऐकतो, करतो, आणि याचे इंग्रजी त्याला येत नाही. भाषेचा कणा क्रियापद आहे. नामांची फळे टांगावयाला झाड तर हवे! वर्गात येताच 'कम इन', वही काढताना 'टेक आउट', फळा पुसताना 'वाइप ऑफ'. कृती होत असताना शब्द उच्चारावा. यास खर्च नाही, यंत्र नाही. हैदराबादेत इंग्रजी अध्यापनाची मध्यवर्ती संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली, आज तिचे विद्यापीठ झाले आहे. तिथून प्रशिक्षण घेऊन आलेले शिक्षक पुढे मला भेटले, तेव्हा कृतीसह शिकविण्याची महती त्यांनी मला सांगितली. मी ऐकून घेतले. सर आम्हाला 'स्टँड अप', 'सिट डाउन', 'टर्न राउंड' करावयास लावून घाम काढीत असत, हे मी त्यांना सांगितले नाही.

मावशींविषयी सांगावयाचे राहिले. त्या नागपूरहून महिन्याने परतल्या. मी सुट्टीत बेल्लमपल्लीला गेलो की मागच्या दाराने ये-जा करी. दिवाळीत त्यांनीच मला गाठले. त्यांच्या हातात एक लिफाफा होता. भावाच्या महाविद्यालयातून आलेले इंग्रजी पत्र. त्यांनी ते चार महिने तसेच ठेवले होते. म्हणाल्या, "वाच." मी म्हणालो, "तारमास्तरांकडून वाचून घ्या मावशी." त्या म्हणाल्या, "तू तिकडे शिकतोस ना? तूच वाच."

मी पत्र घेतले आणि सांगितले, उद्या वाचतो. रात्रभर वही आणि पत्र घेऊन बसलो. जिथे शंका आली तिथे खूण केली. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितले की, एवढे मला नक्की कळले आहे आणि या दोन ओळी मला कळलेल्या नाहीत; त्या मी सरांना विचारून कळवीन. त्याची जमा असलेली अनामत रक्कम परत न्यावी, असे ते पत्र होते. निकालही त्यात होता. मामा खरोखरच पास झाला होता.

त्या दोन ओळींचा अर्थ सरांनी सांगितला तो मी पोस्टकार्डावर लिहून पाठविला. माझ्या आयुष्यातले ते पहिले जबाबदार भाषांतर.

ती वही आज मी सोबत आणली आहे. कव्हर दोनदा बदलले आहे, आतली पाने तीच आहेत. 'अवे'च्या पानावर सरांच्या अक्षरात पहिलीच नोंद आहे, आणि तिच्या शेजारी मराठीत माझ्या अक्षरात 'निघून जाणे' एवढेच आहे. संयोजकांच्या अनुमतीने ती मी शाळेच्या ग्रंथालयाकडे सुपूर्त करतो. अखेरची बारा पाने कोरी आहेत. मुलांनी त्यावर लिहिले तर सर रागावणार नाहीत.